आधी पडलं की आधी जळलं?

सॅन फ्रान्सिस्कोच्या सॅक्रॅमेंटो स्ट्रीटचा एक जुना फोटो आहे. १८ एप्रिल १९०६ चा. उताराचा रस्ता समोर खाली जातो आणि त्याच्या टोकाला, जिथे बाजारपेठ दिसायला हवी, तिथे धुराचे डोंगर उभे आहेत. रस्त्यात माणसं पाठमोरी उभी आहेत. उजव्या हाताच्या एका घराची दर्शनी बाजू रस्त्यावर कोसळली आहे आणि आतल्या खोल्या उघड्या पडल्या आहेत. त्या घरातल्यांनी खुर्च्या बाहेर काढल्या आहेत आणि त्यांवर बसून ते खालून वर येणाऱ्या आगीकडे बघताहेत.

फोटो काढणारा आर्नोल्ड गेंथे हा त्या शहरातला नावाजलेला छायाचित्रकार. त्याचे स्वतःचे कॅमेरे त्या पहाटेच्या भूकंपात, छताच्या पडझडीत, निकामी झाले होते. मग तो माँटगोमेरी स्ट्रीटवरच्या ओळखीच्या दुकानात गेला. दुकानदारानं त्याला हवं ते घेऊन जायला सांगितलं, कारण तसंही थोड्या वेळात सगळं जळणारच होतं. गेंथेनं एक छोटा कोडॅक उचलला, खिशात फिल्म कोंबल्या आणि तो रस्त्यावर आला.

कितीतरी वर्षं मी हा फोटो भूकंपाचा म्हणून पाहत होतो. घराच्या विम्याचा इतिहास वाचायला लागल्यावर मात्र नजर त्या उजवीकडच्या घरावर अडकायला लागली. घर पडलंय, पण अजून जळलेलं नाही. काही तासांत जळेल. घरमालकाकडे आगीची पॉलिसी असेल, तर त्याला पैसे मिळणार का?

त्या काळी अमेरिकेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या आगीच्या पॉलिसीत बारीक अक्षरातलं एक कलम असे. इमारत किंवा तिचा कोणताही भाग आगीखेरीज दुसऱ्या कारणानं पडला, तर इमारतीवरचा आणि आतल्या सामानावरचा विमा त्याच क्षणी संपला. म्हणजे ज्या क्षणी ती दर्शनी भिंत रस्त्यावर आली, त्या क्षणी खुर्च्यांवर बसलेल्या माणसांच्या हातातली पॉलिसी कंपनीच्या हिशेबी कोरा कागद झाली. पुढे कितीही आग लागो.

भूकंप पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी झाला. जेमतेम मिनिटभराचा. सॅन अँड्रियास भ्रंश जवळजवळ पावणेपाचशे किलोमीटर लांबीवर सरकला आणि चार लाख वस्तीचं शहर हादरून जागं झालं. दलदलीवर आणि खाडीत भर घालून उभ्या केलेल्या वस्त्यांमध्ये इमारती खचल्या. शहराची बाकीची पडझड मोठी असली तरी शहर उभं होतं. लाकडी घरं वाकतात, कुरकुरतात, पण दगडामातीच्या घरांसारखी एकदम खाली बसत नाहीत. त्या बुधवारी सकाळी सहा वाजता शहराची मोजदाद केली असती, तर बहुतेक घरं धुराडी पडलेली, काचा फुटलेल्या, पण राहण्याजोगी निघाली असती.

मग आगी लागल्या. उलटलेल्या शेगड्या, तुटलेल्या गॅसच्या नळ्या, लोंबणाऱ्या वीजतारा. सुरुवातीला पन्नासच्या आसपास ठिकाणी. अग्निशमन दलाचे बंब निघाले, जवानांनी नळखांब उघडले आणि पाणी आलं नाही. जमिनीखालच्या जलवाहिन्या शेकडो ठिकाणी तुटल्या होत्या. टेकड्यांवरच्या तलावांत पाणी होतं, ते खाली आगीपर्यंत पोचत नव्हतं. जुन्या काळी रस्त्यांखाली बांधलेले विटांचे हौद होते, त्यांतले बरेचसे दुर्लक्षानं कोरडे पडले होते.

शहराचा अग्निशमन प्रमुख डेनिस सलिव्हन हे सगळं होणार म्हणून आधीपासून सांगत होता. हौद दुरुस्त करा, समुद्राचं पाणी उपसायची वेगळी व्यवस्था करा, ही त्याची मागणी. त्या पहाटे शेजारच्या हॉटेलचा वरचा भाग त्याच्या ठाण्यावर कोसळला आणि तो जबर जखमी झाला. चार दिवसांनी, आग विझल्यावर, तो गेला. ज्या माणसाला या शहराच्या आगीची सगळ्यात जास्त काळजी होती, तोच त्या चार दिवसांत रस्त्यावर नव्हता. ही गोष्ट वाचताना मला दरवेळी थांबावंसं वाटतं.

विमा कंपन्यांनाही इशारा मिळाला होता, आणि तो त्यांच्याच संघटनेनं दिला होता. भूकंपाच्या सहाच महिने आधी, ऑक्टोबर १९०५ मध्ये, अमेरिकेतल्या आगविमा कंपन्यांच्या राष्ट्रीय मंडळानं या शहराची पाहणी करून अहवाल दिला. नव्वद टक्क्यांहून जास्त इमारती लाकडी, रस्ते चढउतारांचे, वारा समुद्रावरचा. अहवालाचा निष्कर्ष असा की सगळे आडाखे पाहता हे शहर एव्हाना जळून जायला हवं होतं. ते टिकून आहे ते निव्वळ अग्निशमन दलाच्या दक्षतेवर, आणि ही दक्षता कायम पुरी पडेल असं नाही. शहर याआधी जळलंही होतं. १८४९ ते १८५१ या सोन्याच्या झुंबडीच्या काळात सहा वेळा मोठ्या आगी लागल्या. म्हणून तर शहराच्या राजमुद्रेवर राखेतून उठणारा फिनिक्स पक्षी आहे.

अहवालातली भीती मुख्यतः आगीची होती. त्याचं कारण घराचा विमा जन्मला कसा, त्यात आहे. १६६६ साली लंडन जळलं, तेरा हजारांवर घरं गेली, आणि त्या राखेतून पंधराएक वर्षांत निकोलस बार्बन नावाच्या धडपड्या माणसानं घराच्या आगीचा विमा विकायला सुरुवात केली. तो शिक्षणानं वैद्य आणि धंद्यानं घरं बांधणारा. विटांच्या घराला जो दर, त्याच्या दुप्पट लाकडी घराला. विमा उतरलेल्या घराच्या दारावर कंपनीच्या खुणेचा शिशाचा पत्रा ठोकलेला असे. तिथून पुढची सव्वादोनशे वर्षं या धंद्याचे सगळे हिशेब, सगळे तक्ते, सगळे शब्द आगीभोवती बांधले गेले. भूकंप हा शब्द पॉलिसीत आलाच, तर ‘याला आम्ही बांधील नाही’ एवढं सांगण्यापुरता. बऱ्याच पॉलिसींत तेवढाही नव्हता.

आणि आता शहराला भूकंपानं हलवलं होतं आणि आगीनं खायला घेतलं होतं.

ती आग चार दिवस चालली. पहिल्याच दिवशी सकाळी दहाच्या सुमारास हेज व्हॅलीत एका बाईनं नाश्त्यासाठी चूल पेटवली. भूकंपात धुराडं तडकलंय याची तिला कल्पना नव्हती. तिथून निघालेल्या आगीला पुढे लोकांनी ‘हॅम अँड एग्ज फायर’ म्हटलं. या एका चुलीनं नगरपालिकेची भव्य इमारत आणि जखमींना ठेवलेला मोठा मंडप गिळला. जखमींना कसंबसं आधीच हलवलं होतं. पाणी नाही म्हणून लष्करानं डायनामाइट आणलं. आगीच्या वाटेतली घरं आधीच उडवून मोकळी पट्टी करायची, अशी कल्पना. पण कुठे अननुभवी हात, कुठे डायनामाइटऐवजी साधी बंदुकीची दारू. उडवलेल्या घरांच्या फळ्या पेटून पुढच्या गल्लीत पडू लागल्या. शेवटी व्हॅन नेस या रुंद रस्त्यावर पश्चिमेची आग थोपली. शनिवारी, २१ तारखेला, सगळं शांत झालं तेव्हा सुमारे ४९० ब्लॉक आणि २८ हजारांवर इमारती गेल्या होत्या. चार लाखांपैकी सव्वादोन लाख माणसं बेघर झाली होती.

या चार दिवसांत आणखी एक गोष्ट घडली, आणि ती लष्कराच्या कागदांत नोंदलेली आहे. संदेशवहन सांभाळणाऱ्या सिग्नल कोअरचा कॅप्टन लिओनार्ड वाइल्डमन यानं लिहून ठेवलंय की एका अग्निशामकानं त्याला थांबवून सांगितलं, या भागातले लोक स्वतःची घरं स्वतःच पेटवताहेत. भूकंपानं मोडलेल्या घराचे पैसे मिळणार नाहीत, जळलेल्याचे मिळतील, असं त्यांना कुणीतरी सांगितलंय.

हे वाक्य वाचून त्या लोकांना लबाड म्हणणं सोपं आहे. मला ते जमत नाही. पंचवीस-तीस वर्षं हप्ता भरलेला माणूस. घराची भिंत पडलीय, धुराडं छतातून आत आलंय, बायकोमुलं रस्त्यावर आहेत. आग दोन गल्ल्यांवर आहे आणि पाणी नाही, म्हणजे रात्रीपर्यंत ती इथे येणारच. त्यानं काडी ओढली ती घर वाचण्याची सगळी आशा संपल्यावर. पण त्या काडीमुळे शेजारचं, अजून वाचू शकणारं घरही गेलं असेल, हेही तितकंच खरं. आणि ही वेळ ज्या कागदानं आणली, तो लिहिणाऱ्यांनी कधी पडकं घर आणि पेटती गल्ली एकत्र डोळ्यांसमोर आणली नव्हती.

आग विझल्यावर जी शोधाशोध सुरू झाली ती कागदाची. तिजोऱ्या इतक्या तापल्या होत्या की लगेच उघडल्या तर आतले कागद हवा लागताच भडकत. म्हणून बँका आणि व्यापारी तिजोऱ्या थंड व्हायची वाट बघत बसले, कुठे कित्येक दिवस, कुठे आठवडे. ज्यांना धीर नव्हता त्यांच्या हाती काळी राख आली. बँक ऑफ इटलीच्या अमादेओ जियानिनीनं आग पोचण्याआधीच आपल्या बँकेतली रोकड भाजीच्या गाडीत संत्र्यांखाली लपवून शहराबाहेरच्या घरी नेली होती. त्यामुळे बाकी बँका तिजोरीसमोर ताटकळत असताना तो धक्क्यावर फळी टाकून बांधकामासाठी कर्ज देत होता. तीच बँक पुढे बँक ऑफ अमेरिका झाली.

घरमालकाची अडचण दुहेरी होती. त्याची पॉलिसी जळलेली, आणि कंपनीच्या स्थानिक कचेरीचं दप्तरही जळलेलं. जमिनीच्या नोंदींचंही तेच झालं. कोणती जागा कुणाची, हे कोर्टातून नव्यानं ठरवून घेता यावं म्हणून जूनमध्ये वेगळा कायदा करावा लागला. जन्माच्या नोंदी जळाल्या, आणि त्यातून एक अनपेक्षित दार उघडलं. चिनी लोकांना अमेरिकेत नागरिक होऊ न देणारा कायदा तेव्हा लागू होता. नोंदीच उरल्या नाहीत म्हटल्यावर अनेक चिनी पुरुषांनी आपण याच शहरात जन्मलो, म्हणजे जन्मानंच नागरिक आहोत, असं सांगितलं, आणि ते खोडायला सरकारकडे कागद नव्हता. त्यांनी पुढे चीनमधून आणलेली खरी-खोटी मुलं ‘पेपर सन्स’ म्हणून इतिहासात ओळखली जातात. कागद जळाल्यानं कुणाला देश मिळाला, आणि शेजारच्या गल्लीत कुणाला त्याच कारणानं घराचे पैसे मिळेनात.

पॉलिसीच्या अटींनुसार नुकसानीचा तपशील साठ दिवसांत द्यायचा होता. कोणती खोली, कोणतं सामान, कितीचं. एरवी आग लागली की सर्व्हेअर येतो, पंचनामा होतो, अर्धवट जळलेलं कपाट बघून किंमत ठरते. इथे पंचनामा करायला काही शिल्लकच नव्हतं. विटा, वितळून गोळा झालेल्या काचा, पलंगाच्या वाकलेल्या लोखंडी सळया. कंपन्यांनी खाडीपलीकडच्या ओकलंडमध्ये कचेऱ्या थाटल्या आणि तिथे रांगा लागल्या. रांगेतल्या प्रत्येकाला एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं: आग आली तेव्हा तुमचं घर उभं होतं का?

हे सिद्ध कसं करायचं? साक्षीदार आणायचे. पण शेजारी तर कॅलिफोर्नियाभर पांगलेले, तंबूंत राहणारे. मग फोटोंना मोल आलं. बुधवारी सकाळी, आग पोचण्याआधी, कुणीतरी काढलेल्या फोटोत घर उभं दिसलं तर मालकाचं नशीब, कोसळलेलं दिसलं तर कंपनीचा मुद्दा पक्का. त्यातच ‘इमारतीचा कोणताही भाग’ हे शब्द. धुराडं तर जवळजवळ प्रत्येक घराचं पडलं होतं. धुराडं हा इमारतीचा भाग आहे का? छपराची कड? सज्जा? डायनामाइटनं उडवलेल्या घराचा प्रश्न याहून अवघड. सरकारी हुकमानं झालेल्या नुकसानीला जबाबदार नाही, असंही एक कलम होतं. म्हणजे एकाच गल्लीत तीन घरं. एक हादऱ्यानं पडलं, एक आगीनं गेलं, एक सैनिकांनी उडवलं. शनिवारी तिन्हींची राख सारखीच होती, आणि कागदावर तिघांचे मालक तीन वेगळ्या खात्यांत.

विमा कंपन्यांवर आलेलं ओझंही लहान नव्हतं. विमा उतरलेलं नुकसान साधारण साडेतेवीस कोटी डॉलर, शंभराहून जास्त कंपन्यांत विभागलेलं. डझनभर कंपन्या बुडाल्या. ज्या टिकल्या त्यांच्यात दोन तट पडले. एक तट पूर्ण रक्कम द्यावी म्हणणारा. दुसऱ्याचं म्हणणं, भूकंपानं किती आणि आगीनं किती हे कुणालाच ठरवता येणार नाही, तेव्हा सरसकट पंचवीस टक्के कापून पाऊण रक्कम द्यावी. जुन्या स्पॅनिश नाण्याच्या हिशेबानं अमेरिकेत पाव डॉलरला ‘टू बिट्स’ म्हणत, त्यामुळे पाऊण डॉलर म्हणजे ‘सिक्स बिट्स’. सॅन फ्रान्सिस्कोच्या लोकांनी या कंपन्यांना ‘सिक्स-बिट’ नाव ठेवलं. आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे लगेच कळेल: रुपयातले बारा आणे देणाऱ्या कंपन्या, आणि सोळा आणे देणाऱ्या कंपन्या.

सोळा आणे देणाऱ्या फार थोड्या निघाल्या. शहराच्या चेंबर ऑफ कॉमर्सनं कॅलिफोर्निया विद्यापीठातले विम्याच्या गणिताचे प्राध्यापक अल्बर्ट व्हिटनी यांच्याकडून याचा अहवाल करवून घेतला. कोणत्या कंपनीनं कसं वागवलं, याचा नावानिशी लेखाजोखा. हँबर्ग आणि व्हिएन्नाच्या काही कंपन्यांनी पॉलिसीतल्या भूकंपाच्या कलमाकडे बोट दाखवून सरळ नकार दिला आणि कॅलिफोर्नियातला धंदा गुंडाळला. विमाधारकांना त्यांच्यामागे युरोपच्या कोर्टांपर्यंत जावं लागलं.

दोन कंपन्यांचं वागणं मला तपशिलात सांगावंसं वाटतं.

पहिली फायरमन्स फंड. ही सॅन फ्रान्सिस्कोचीच, १८६३ साली निघालेली. आगीत मरण पावलेल्या अग्निशामकांच्या कुटुंबांसाठी नफ्याचा हिस्सा ठेवायचा, या कल्पनेवरून तिचं नाव पडलं. १९०६ मध्ये तिची कचेरी जळाली, दप्तर जळालं, आणि तिच्यावर आलेले दावे तिच्या एकूण मालमत्तेपेक्षा कितीतरी मोठे होते. हिशेबानं ती बुडालीच होती. कंपनीनं विमाधारकांना सांगितलं, तुमच्याकडे जो कागद असेल तो घेऊन या. आणि मग मार्ग काढला: साधारण निम्मी रक्कम रोख, उरलेल्या रकमेचे कंपनीचे शेअर. म्हणजे ज्यांचं घर जळलं होतं, तेच कंपनीचे मालक झाले. लोकांनी ते मान्य केलं. तंबूत राहणारा माणूस जळलेल्या कंपनीचा शेअर हातात घेतो, यात त्या शहराचा स्वतःवरचा केवढा विश्वास असेल.

दुसरं उदाहरण लंडनच्या लॉइड्समधलं. लॉइड्स ही एक कंपनी नाही. एका छपराखाली बसणारे अनेक विमादार आपापल्या नावानं जोखीम घेतात, अशी ती रचना. त्यांतला कथबर्ट हीथ कानानं अधू होता आणि डोक्यानं आपल्या काळाच्या पुढे. चोरीचा विमा, वादळाचा विमा, भूकंपाचा विमा, जे बाकीचे हात लावायला घाबरत ते त्यानं लिहायला सुरुवात केली होती. सॅन फ्रान्सिस्कोची बातमी आली तेव्हा त्यानं आपल्या तिथल्या प्रतिनिधीला तार केली. तिचा आशय असा की पॉलिसीतल्या अटी काहीही असोत, आपल्या सगळ्या विमाधारकांना पूर्ण रक्कम द्या.

हे त्याला परवडलं, कारण आपण किती जोखीम कुठे घेतलीय याचा तो आधीपासून हिशेब ठेवत असे. ज्यांनी असा हिशेब ठेवला नव्हता, एकाच शहरात पैसे ओतले होते, त्यांना उदार व्हायची इच्छा असूनही होता आलं नाही. हीथच्या त्या तारेनं अमेरिकेत लॉइड्सचं नाव झालं, ते आजतागायत आहे. चांगुलपणाला हिशेबाची जोड असावी लागते, हे मी त्याच्याकडून शिकलो.

लंडनहून सोनं जहाजांनी अमेरिकेला जाऊ लागलं. ब्रिटिश कंपन्यांचे दावे मोठे होते आणि पैसे सोन्यात चुकते करायचे होते. बँक ऑफ इंग्लंडला चिंता पडली आणि ऑक्टोबर १९०६ मध्ये तिनं व्याजदर आठवडाभरात चारावरून सहा टक्क्यांवर नेला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये बँकांवर ठेवीदारांची जी झुंबड उडाली, तिची एक मुळी या सोन्याच्या ओढाताणीत असल्याचं काही अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलंय.

शेवटी एकूण किती दिलं गेलं याचे अंदाज १८ कोटींपासून २२ कोटी डॉलरपर्यंत आहेत. कापाकापी, विलंब, नकार हे सगळं जमेस धरूनही ही रक्कम मोठी होती. शिकागो १८७१ मध्ये जळलं तेव्हा विम्याच्या साधारण निम्मीच रक्कम हाती आली होती. कोर्टात गेलेल्या खटल्यांत न्यायाधीशांचा सर्वसाधारण कल असा राहिला की कलम संदिग्ध असेल तर ते लिहिणाऱ्याविरुद्ध वाचायचं, आणि एखादं धुराडं पडल्यानं घर ‘पडलं’ असं होत नाही. पुढे कॅलिफोर्नियात कायद्यानंच ठरलं की भूकंपामागून आलेल्या आगीची भरपाई आगीच्या पॉलिसीतून टाळता येणार नाही. आजही तिथे तोच नियम आहे.

या सगळ्याचा एक चमत्कारिक परिणाम झाला. शहरानं भूकंपाचं नाव घेणं सोडलं. घरांच्या दलालांच्या मंडळानं ठराव केला की या घटनेला ‘मोठी आग’ म्हणायचं. भूकंप म्हटलं तर विमा अडतो, भांडवल येत नाही, नवीन माणसं यायला घाबरतात. आग काय, कुठल्याही शहरात लागते. मेलेल्यांचा अधिकृत आकडा कित्येक दशकं पाचशेच्या आतच राहिला. नंतर शहराच्या ग्रंथपाल ग्लॅडिस हॅन्सन यांनी आयुष्याची वर्षं घालून एकेक नाव शोधलं, आणि आज तीन हजारांच्या वर माणसं गेली असं मानलं जातं. विम्याच्या रांगेत सुरू झालेला ‘आग की भूकंप’ हा वाद मेलेल्या माणसांच्या मोजणीपर्यंत जाऊन पोचला होता.

आणि ज्यांच्याकडे पॉलिसीच नव्हती ते? मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेला राहणारे मजूर, खलाशी, भाड्याच्या खोल्यांतली कुटुंबं. त्यांचं घर कधीच त्यांच्या नावावर नव्हतं. ते गोल्डन गेट पार्कमधल्या तंबूंत राहिले. पावसाळा तोंडावर आला तेव्हा मदत निधीतून ५,६१० छोट्या लाकडी खोल्या बांधल्या गेल्या. हिरव्या रंगाच्या, ओळीनं मांडलेल्या. महिना दोन डॉलर भाडं, आणि ते भाडं खोलीच्या किमतीत वळतं व्हायचं. १९०७ मध्ये छावण्या उठू लागल्या तेव्हा लोकांनी या खोल्या घोड्यांच्या गाड्यांवर चढवून आपापल्या प्लॉटवर नेल्या. दोन-तीन जोडून घर केलं, पुढे ओसरी काढली. त्यांतल्या काही आजही शहरात आहेत, वरून नवा रंग लावलेल्या. भूकंपाआधी ज्यांचं आयुष्य भाड्याच्या खोलीत गेलं, त्यांतल्या काहींना पहिलं स्वतःचं घर असं मिळालं.

आग झाकली गेली, हादरा मात्र उघडाच राहिला. कॅलिफोर्नियात आजही घराच्या नेहमीच्या पॉलिसीत भूकंपाचा धक्का येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. १९९४ साली लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजचा भूकंप झाला आणि कंपन्यांना इतके दावे भरावे लागले की बऱ्याच जणींनी घराच्या नव्या पॉलिसी विकणंच आखडतं घेतलं. त्यानंतर १९९६ मध्ये राज्यानं त्यासाठी खास संस्था उभी केली. तरीही त्या राज्यातल्या घरांपैकी फार थोडी घरं हा विमा घेतात.

या गोष्टीचा एक धागा आपल्या कपाटापर्यंत येतो. भारतात कित्येक वर्षं घराची जी आगीची पॉलिसी मिळे, तिच्यात भूकंप वगळलेला असे. हवा असेल तर वरचे पैसे भरून जोडून घ्यायचा. त्या जोडपत्राचं नाव होतं ‘अर्थक्वेक, फायर अँड शॉक’. आग आणि धक्का. दोन्ही शब्द वेगवेगळे लिहायचे, म्हणजे आधी पडलं की आधी जळलं, यावर कुणाला भांडायला नको. ओकलंडच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांची सगळी तगमग या दोन शब्दांत आहे, असं मला वाटतं.

किल्लारीच्या भूकंपाला यांतला दुसराच शब्द लागू होता. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र सरत आलेली, पहाटेचे चार वाजायला आलेले. तिथे आग लागलीच नाही. मातीत बसवलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि त्यांवर मातीचे थर दिलेली जड माळवदं. उन्हाळ्यात गार राहणारी ती घरं झोपलेल्या माणसांवर बसली. सुमारे दहा हजार माणसं गेली. त्या गावांत घराचा विमा हा शब्दच पोचलेला नव्हता. पुनर्वसन झालं ते सरकारच्या, जागतिक बँकेच्या कर्जाच्या आणि देणगीदारांच्या पैशांतून.

माझ्या कपाटात गृहकर्जाबरोबर घेतलेली एक जुनी पॉलिसी आहे. पिवळी पडलेली, बँकेचा शिक्का मारलेली. सही करताना मी फक्त हप्त्याचा आकडा पाहिला होता. हा लेख लिहायला घेतल्यावर ती बाहेर काढून पहिल्यांदा नीट वाचली. आगीपुढे रक्कम आहे. खाली ‘फायर अँड शॉक’ असा रकाना आहे, आणि त्यापुढे आडवी रेघ मारलेली आहे. म्हणजे ती सगळी वर्षं आम्ही त्या घरात सॅक्रॅमेंटो स्ट्रीटवरच्या त्या माणसांसारखेच राहत होतो, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकानं घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सगळ्या कंपन्यांना विकायला लावली. तिच्यात आग, भूकंप, पूर, वादळ, दरड, वीज कोसळणं हे सगळं एकाच यादीत, मूळ पॉलिसीतच आहे. भूकंपासाठी वेगळा रकाना नाही. गेल्या महिन्यात नवी पॉलिसी आली तेव्हा मी चष्मा लावून ती यादी बोटानं एकेक ओळ वाचली. भूकंप आगीच्या जवळच छापलेला आहे. जुनी पॉलिसी मी फेकलेली नाही. त्या फोटोची एक छापील प्रत माझ्याकडे आहे, ती तिच्यातच घालून ठेवलीय.